झिंगराजीचा देबू
(श्री गाडगेबाबा यांचे चरित्र)

शुक्रवार पेठ, सोलापूर.

आषाढीच्या आधी शेगावची पालखी आमच्या सोलापूर शहरावरून पंढरपुराकडे जाते. त्या दिवसांत शुक्रवार पेठेतील म्हातारी माणसे जुन्या वारीच्या गोष्टी काढून बसतात, आणि त्या गोष्टींत पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळेचे नाव हटकून येते. आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे पूर्वज ज्या महार, मांग, चांभार वस्त्यांतून आले, त्या वस्त्यांतील यात्रेकरूंस पंढरपुरात एके काळी पाठ टेकावयासही जागा मिळत नसे. वाळवंटात उघड्यावर पडावे, पावसात भिजावे आणि देवळाचे शिखर दुरून पाहून परतावे, असा त्यांचा क्रम असे. त्यांच्यासाठी ही धर्मशाळा ज्याने उभी केली त्या पुरुषाचे चरित्र आज लिहीत आहे. ख्रिस्ती पत्रात एका हिंदू कीर्तनकाराची कथा कशास, असे एखादा उपदेशक विचारील. आपल्या प्रभूने शेजारधर्म शिकविताना शोमरोनी मनुष्याचे उदाहरण घेतले, इतके उत्तर मला पुरेसे वाटते. शिवाय ही कथा आरंभी तरी धर्मशाळेची नाही, दारूची आहे. आणि दारू हिंदूच्या घरात शिरताना आणि ख्रिस्ती माणसाच्या घरात शिरताना वेगळ्या पावलांनी येत नाही.

वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळ शेणगाव म्हणून खेडे आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर या परिटाच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव डेबूजी ठेवले. घरात त्यास देबू म्हणत. आईचे नाव सखूबाई. झिंगराजी जन्मतः वाईट मनुष्य नव्हता. घरात कष्ट होते, चार माणसांत मान होता. परंतु त्या काळी त्या भागातील अनेक जातींत अशी रीत होती की, नवस फेडावयाचा तर बकरे कापावे आणि देवास दारूचा नैवेद्य दाखवून ती प्रसाद म्हणून सर्वांनी घ्यावी. लग्न असो, बारसे असो, मयताचे दिवस असोत, भाऊबंद जमले म्हणजे बाटली पुढे आलीच. जो घेणार नाही तो देवाचा अपराधी आणि भाऊबंदांचाही. झिंगराजीने पहिला पेला गुत्त्यात जाऊन घेतला नसावा. तो त्याच्या घरी ताटाबरोबर वाढला गेला असावा. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण दारुड्याची निंदा करताना आपण बहुधा गुत्त्याकडे बोट दाखवितो आणि स्वतःच्या पंगतीकडे पाहात नाही.

सणासुदीची दारू पुढे आठवड्याची झाली आणि आठवड्याची रोजची. घरातील चीजवस्तू गेली, शरीर खंगले, काम सुटले. सखूबाईने काय काय सोसले असेल ते कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु ज्या बहिणींच्या घरी हे दुःख आहे त्यांस ते लिहून दाखविण्याची गरज नाही. अखेर १८८४ च्या सुमारास झिंगराजी मरण पावला. देबू त्या वेळी आठ वर्षांचा होता. मरणापूर्वी झिंगराजीस फार पश्चात्ताप झाला, आणि दारू व बकरे मागणाऱ्या देवांपासून मुलास दूर ठेव असे त्याने पत्नीस विनवले, असे बाबांचे चरित्रकार सांगतात. यिर्मयाच्या पुस्तकात रेखाबी घराण्याची हकीकत आहे. त्यांचा पूर्वज योनादाब याने द्राक्षारस पिऊ नये अशी आज्ञा मुलांस दिली, आणि पिढ्या लोटल्या तरी ती त्यांनी मोडली नाही. योनादाब स्वतः निर्मळ राहून आज्ञा देऊ शकला. झिंगराजीपाशी मुलास देण्यासाठी आपला नाश तेवढा उरला होता. आश्चर्य असे की, मुलाने ती आज्ञाही रेखाब्यांइतकीच पाळली.

येथे थोडे वैद्यकाचे सांगणे भाग आहे. दारू पोटात गेल्यावर तिचा निचरा करण्याचे काम मुख्यत्वे यकृतास करावे लागते. वर्षानुवर्षे हा भार पडला म्हणजे यकृत प्रथम चरबीने सुजते, मग कठीण होत जाते. पोटात पाणी साठते, डोळे पिवळे होतात, कधी रक्ताची उलटी होते. दारुडा नीट जेवत नाही, त्यामुळे शरीरास लागणारी जीवनसत्त्वे मिळत नाहीत, आणि त्यांतील एकाच्या अभावी बुद्धी व स्मृती यांवरही घाला येतो. मेंदूची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. रोजच्या दारूस मेंदू इतका सरावतो की, ती न मिळाली तर त्याचे काम बिघडते. म्हणून पुष्कळ दिवस भरपूर पिणारा मनुष्य एकाएकी थांबला तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. कोणास फेपऱ्यासारखे झटके येतात, कोणास नसलेली माणसे व प्राणी दिसू लागतात, आणि उपचार न झाला तर यात जीवही जातो. आपल्या खेड्यांत अशा मनुष्यास भूत लागले असे समजून कोंडून ठेवतात, किंवा बरे होण्यासाठी थोडी दारूच पाजतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. त्यास तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे आणि तो किती व किती वर्षे पीत होता हे डॉक्टरांस लाज न धरता सांगावे. या अवस्थेवर खात्रीची औषधे आहेत. झिंगराजीच्या काळी वऱ्हाडातील खेड्यात हे ज्ञान नव्हते. त्याच्या वाट्यास शिव्या आल्या, आणि मग सरण आले.

नवऱ्याच्या मागे सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या माहेरी आली. मामाच्या घरी देबू गुरे राखू लागला. पुढे नांगर धरला, पेरणी शिकला, रात्री भजनात बसू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. शेतीत तो इतका पटाईत झाला की मामाचा सगळा भार त्यावर आला. परंतु मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गुंतली आणि निरक्षर घरास कागदावर काय लिहिले आहे हे कळेपर्यंत हातची गेली. बापाच्या घरी दारू आणि मामाच्या घरी कर्ज, अशा दोन शाळांत हा मुलगा शिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८९२ साली त्याचे लग्न कुंताबाईशी झाले. काही वर्षांनी पहिली मुलगी जन्मली, आणि तिच्या बारशाचा दिवस आला.

या एका दिवसावर मला थोडे थांबावयाचे आहे. डेबूजीने पुढे मोठमोठ्या धर्मशाळा बांधल्या, हजारोंच्या समुदायापुढे कीर्तने केली. परंतु माझ्या मते त्याचे सर्वांत कठीण काम या बारशाच्या पंगतीत झाले. भाऊबंद रीतीप्रमाणे मटण आणि दारू यांच्या अपेक्षेने जमले होते. डेबूजीने दोन्हींस फाटा दिला आणि सर्वांस गोडाचे जेवण वाढले. आज हे ऐकून कोणास विशेष वाटणार नाही. परंतु ज्यांनी खेड्यात जातभाईंच्या पंगतीत बसून अन्न खाल्ले आहे त्यांस ठाऊक आहे की, तेथे रीत मोडणे हे राजाचा कायदा मोडण्याहून भारी असते. राजा दंड करील आणि सोडील. भाऊबंद लग्नाच्या वेळी मुलगी देत नाहीत आणि मयतास खांदा देत नाहीत. डेबूजी तर मामाच्या गावी राहणारा, बापाविना वाढलेला, जमीन गमावलेल्या घरातला तरुण. त्याच्यापाशी ना पैसा, ना पाटीलकी. तरीही, बाप ज्या ताटावरून नाशास गेला ते ताट मुलीच्या नावाने मांडावयाचे नाही, एवढे त्याने ठरविले आणि तसे केले.

आता आपल्याकडे पाहू. देवास बकरे कापणे आपण सोडले. परंतु लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे काय चालते हे प्रत्येक पाळकास माहीत आहे. नाताळात उपासनेस नवे कपडे घालून येणारे काही बंधू संध्याकाळी कोठे सापडतात हेही माहीत आहे. वरपक्षाची सोय केली नाही तर सोयरीक मोडेल, म्हणून मंडळीचा वडीलसुद्धा डोळेझाक करतो. तेथे डेबूजीच्या बारशाची आठवण व्हावी. काही मंडळ्यांत प्रभुभोजनासाठी न आंबविलेला द्राक्षांचा रस वापरतात, त्यामागेही असाच एक मनुष्य आहे. अमेरिकेतील टॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट गृहस्थाने १८६९ साली द्राक्षांचा रस तापवून तो न आंबता टिकविण्याची रीत काढली, ती प्रभूच्या मेजावर दारू असू नये याच हेतूने. जो बंधू नुकताच दारूतून सुटला आहे त्यास पेल्यातील एक घोटही मागे ओढू शकतो, हे ज्या मंडळ्या आंबविलेला द्राक्षारस वापरतात त्यांनी विचारात घ्यावे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक मातीचे फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भिक्षेची भाकरी घ्यावी, त्यातच पाणी प्यावे. त्यावरून लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. वृद्ध आई, पत्नी आणि लहान मुले मागे राहिली. हे वागणे मला रुचत नाही, हे मी लपवीत नाही. कुंताबाईने जे सोसले त्याची धर्मशाळा कोणी बांधली नाही. बापाने दारूपायी घर उघडे टाकले आणि मुलाने लोकसेवेपायी. हेतूत आकाशपाताळाचे अंतर आहे, तथापि चुलीपुढे बसलेल्या स्त्रीस ते किती जाणवले असेल ते देव जाणे.

गावात आले की बाबा प्रथम खराटा हाती घेत. रस्ते, गटारे, चावडी, देवळाचे आवार स्वतः झाडीत. दिवसा गाव स्वच्छ करावे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने, असा त्यांचा नेम. पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे यात्रा भरे. काठच्या चिखलात यात्रेकरू, विशेषतः म्हाताऱ्या बायका, घसरून पडत. बाबा तेथे माती टाकून वाट करीत. पुढे १९०८ साली त्यांच्या खटपटीने तेथे घाट झाला. पोथी सांगणाऱ्यांपेक्षा त्यांचे कीर्तन अगदी निराळे असे. ते वऱ्हाडी बोलीत बोलत, श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. दारू प्याल्याने कोणाचे भले झाले असेल तर सांगा, असे ते पुनःपुन्हा विचारीत, आणि हजारोंच्या समुदायात कोणास एकही नाव सांगता येत नसे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे जनावर मारू नका, अस्पृश्यता पाळू नका, पोटास चिमटा घ्या पण मुलांस शाळेत घाला, हे त्यांचे नित्याचे विषय. स्वतः निरक्षर असून त्यांनी शाळा, वसतिगृहे, गोरक्षणे काढविली. त्यांचा एकुलता राहिलेला पुत्र वारल्याची वार्ता कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी ते मध्येच सोडले नाही.

त्यांच्या शब्दाने कित्येकांनी दारू सोडली असे सर्वत्र सांगतात, आणि त्यात संशय घेण्यास कारण नाही. तथापि कीर्तन कोणास वाचविते याचा विचार केला पाहिजे. जो तरुण अजून पंगतीपुरता पितो त्यास सभेतील लाज आणि एक खरा प्रश्न पुरेसा होतो. झिंगराजीसारखा, ज्याचे शरीरच बांधले गेले आहे, तो कीर्तनात रडतो, शपथ घेतो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीवर दिसतो. मग आपण त्यास ढोंगी म्हणतो. आपल्या उपासनांतही हेच घडते. तो बंधू पुढे येतो, गुडघे टेकतो, आपण आनंद करतो, आणि तो पडला की त्याचे नाव प्रभुभोजनाच्या यादीतून काढून मोकळे होतो. त्याचे रडणे खोटे नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानात झाडून स्वच्छ केलेल्या घराचा दृष्टांत आहे. भूत निघून गेले, घर झाडले, परंतु ते रिकामे राहिले. तेव्हा ते आणखी सात घेऊन परत आले. खराटा मारणे हे अर्धे काम होय.

उरलेले अर्धे काम कसे करावे हे गेल्या शतकात माणसे हळूहळू शिकली. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य भेटले. दोघेही दारूने बुडालेले. त्यांस असे दिसून आले की, एक दारुडा दुसऱ्या दारुड्यास मदत करू लागला म्हणजे दोघेही तगतात. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संस्था निघाली. तिची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत: आपली दुर्बलता कबूल करणे, देवाच्या हाती स्वतःस देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे. आज तिच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. फी नाही, नाव विचारीत नाहीत, फक्त आजचा दिवस न पिता काढावयाचा असतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले, त्यास पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचा मोठा आधार मिळाला. गर्द या विषारी धुराच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांसाठी आरंभ झाला, पुढे दारूचे रुग्ण फार आले. तेथे प्रथम शरीर सावरतात, मग मनुष्यास कामास लावतात, बोलते करतात, आणि पत्नीस व आईबापांसही बोलावून शिकवितात, कारण आजार एकाचा असला तरी तो सर्व घरास लागलेला असतो. पुन्हा पडलेल्या मनुष्यास तेथे पुन्हा घेतात. पुन्हा पडणे हे या आजारात पुष्कळदा घडते. आपल्या मंडळीने ते गृहीत धरूनच त्या बंधूचा हात धरावा. दर संध्याकाळी, गुत्त्याच्या वेळेस, एक उपदेशक किंवा शेजारी त्याच्या दाराशी जाऊन बसला तर त्या घराचा रिकामेपणा जातो.

बाबांकडे परत वळू. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा १९२० च्या आसपासच्या काळातील. त्याशिवाय नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, परंतु स्वतः ते झाडाखाली निजत आणि भाकरीचा तुकडा मागून खात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी त्यांस मोठा आदर होता, आणि पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी १९४९ साली वसतिगृहासाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यात पुढे मुले अभ्यास करू लागली.

बाबांच्या हयातीतच मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा करून पुढील वर्षी सर्वत्र दारूबंदी केली. बाबांस तिचा आनंद झाला नसता तरच नवल. परंतु गुत्ते बंद झाले आणि ओढ्यानाल्यांत हातभट्ट्या पेटल्या. कायदा पुढे सैल करावा लागला. हातभट्टीचे विष किती भयंकर याची आठवण २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभरांहून अधिक माणसे एकाच वेळी मेली तेव्हा पुन्हा झाली. आमच्या जिल्ह्यात सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली ऑपरेशन परिवर्तन या नावाने निराळा मार्ग धरला: तांड्यांवरील भट्ट्या फोडून न थांबता, भट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांस शिवणकाम, दुकान, नोकरी असा दुसरा धंदा मिळवून द्यावा. भट्टीवाल्याचेही घर झाडून रिकामे ठेवता येत नाही, हे येथे कोणाच्या तरी ध्यानात आले.

१९५६ च्या नोव्हेंबरात, ऐंशी वर्षांचे असताना, बाबांनी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झाले, म्हणून त्यांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो. ६ डिसेंबर रोजी बाबासाहेब गेले. त्या बातमीने बाबा फार खचले. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ च्या मध्यरात्रीनंतर, अमरावतीकडे नेले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे प्राण गेले. तेथून त्यांस अमरावतीस आणले आणि आज ज्यास गाडगेनगर म्हणतात तेथे अंत्यविधी झाला. शेणगाव, जेथे झिंगराजीच्या घरी देबू जन्मला होता, ते त्याच जिल्ह्यात आहे.